गल्ल्यावर वय विचारणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार. हिंसक व्हिडिओ गेम अठराखालच्या मुलांना विकायला कायद्याने बंदी असावी का, हा आजचा प्रश्न.

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या दुकानात प्लेस्टेशनच्या व्हिडिओ गेमची डिस्क हातात घेतलीत, की डबीच्या कोपऱ्यात बहुधा एक आकडा दिसतो. ३, ७, १२, १६ किंवा १८. हा युरोपातल्या ‘पेगी’ या संस्थेचा शिक्का, गेम किती वर्षांवरच्यांसाठी आहे ते सांगणारा. अठराचा शिक्का लाल रंगाचा असतो. तो पाहून दुकानदाराने चौदा वर्षांच्या पोट्ट्याला डिस्क दिली नाही, तर तो त्याचा चांगुलपणा. दिली, तर त्याला दंड करायला कलम सापडत नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे. ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला अठराखालच्या मुलाला आत सोडणं १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने गुन्हा ठरतं. व्हिडिओ गेमला असं वयाचं प्रमाणपत्र देणारं मंडळ आपल्याकडे नाही.

गंमत अशी, की छापील हिंसेचा विचार आपण फार आधी केला होता. १९५६ साली तरुणांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध एक कायदा झाला. गुन्हे, क्रौर्य, किळसवाणे प्रसंग रंगवून वाचणाऱ्या पोराला बिघडवेल अशी चित्रकथा विकली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांखालचा! पण त्या व्याख्येत पुस्तक, मासिक, पत्रक, वर्तमानपत्र एवढंच आलं. गेम तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

दुसरीकडे काय आहे? जर्मनीचा कायदा फार काटेकोर. शिक्का डबीच्या दर्शनी बाजूला, खाली डावीकडे, किमान १२०० चौरस मिलिमीटर जागेत हवा. डिस्कवर किमान २५० चौरस मिलिमीटर. शिक्का नसेल तर तो गेम प्रौढांचाच धरतात. दंड ५०,००० युरोपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून १२, १६ आणि १८ या पेगी शिक्क्यांना कायद्याचं बळ आहे. पण त्यांची एक फजिती सांगण्यासारखी आहे. १९८४ च्या ज्या व्हिडिओ कायद्यावर हा सगळा डोलारा उभा होता, तो नियमाप्रमाणे युरोपीय आयोगाला कळवायला हवा होता, तेच राहून गेलं होतं. हे लक्षात आलं २००९ साली! पंचवीस वर्षं वापरलेला कायदा लागू करता येईना, म्हणून २०१० मध्ये तोच पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.

अमेरिकेत मात्र असा कायदा कोर्टात टिकला नाही. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अठराखालच्यांना हिंसक गेम विकण्यावर किंवा भाड्याने देण्यावर बंदी घातली. डबीवर दोन इंच बाय दोन इंचांचा १८ चा आकडा, आणि मोडणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड. गेम व्यावसायिक कोर्टात गेले, आणि कायदा अमलात येण्याआधीच अडकला. २७ जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात लिहिलं, की मुलांच्या परीकथाही काही कमी रक्तरंजित नाहीत. हॅन्सेल आणि ग्रेटेल आपल्याला कोंडणाऱ्या बाईला भट्टीत भाजतात. पुस्तकाला जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, तेच गेमला. आणि गेममुळे मुलं हिंसक होतात हा कार्यकारणसंबंध सरकारला सिद्ध करता आला नाही. त्या कायद्यात एक सवलतही होती: आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी यांनी दिलेला गेम चालेल. म्हणजे दुकानदाराने दिला तर गुन्हा, मामाने दिला तर लाड. मुलांना खरोखर धोका असेल, तर ही सूट कशी, असं न्यायालयालाही खटकलं.

त्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी दुकानांत पाठवून पाहिली. ‘एम’, म्हणजे सतरा वर्षांवरच्यांसाठीचा गेम शंभरातल्या १३ जणांनाच मिळाला. तिथे कायदा नव्हता. दुकानांनी स्वतः पाळलेली शिस्त होती.

आता हे सगळं नागपुरात आणून बघा. विक्रीबंदीचा कायदा धरतो कोणाला? गल्ल्यावर बसलेल्याला. पण आपली बहुतेक पोरं डिस्क विकत घेतच नाहीत. गोळीबाराचा गेम फोनवर फुकट उतरतो; पैसे नंतर, बंदुकीच्या रंगासाठी आणि कपड्यांसाठी जातात. विक्रीच नाही, तर बंदी कशावर? सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, तोही हिंसेमुळे नाही. कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि माहितीच्या गळतीचं. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, हिंसेवर नाही. वयाशी थेट नातं आहे ते २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं: अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, नाहीतर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीचं बंधन त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतं.

तोवर चौकीदार म्हणजे फोनचं खातं. बहुतेक घरांत ते वडिलांचं असतं, म्हणजे प्ले स्टोअरच्या लेखी खेळणारा चाळिशीचा. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्ज, मग फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल्स. चार आकडी पिन टाका आणि गेमसाठी १२ किंवा जो योग्य वाटेल तो आकडा निवडा. इथे दोन चुका होतात. हे बंधन त्या एकाच फोनला लागतं. आजीचा फोन मोकळाच राहतो. आणि आधी उतरवलेला गेम त्याने जात नाही, तो हाताने काढावा लागतो. तिसरी पळवाट मोठी आहे: मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे थेट फोनवर बसवता येणारं ॲप, प्ले स्टोअरला न विचारता बसते. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ ही परवानगी शोधा, आणि ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर या तिघांचीही बंद करा. प्ले स्टोअरवरचा वयाचा आकडा गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो, आणि हेडफोनमधून पलीकडचा खेळाडू कोणत्या शिव्या देईल, हे त्यात येत नाही.

प्लेस्टेशन ५ वर पालकांच्या निर्बंधांचा मूळ पासकोड ०००० असतो. तो बदलला नाही, तर बाकी सगळं व्यर्थ, कारण पोरांना तो पाठ असतो. सोबत नवा युजर बनवणं आणि पाहुणा म्हणून शिरणं बंद करा. नाहीतर मुलगा तीन मिनिटांत ‘पंचवीस वर्षांचा’ होतो.

गेममध्ये पैसे गेलेच, तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. उशीर झाला तर गेम बनवणाऱ्याला लिहा आणि त्यात १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ नमूद करा: अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाला करार करता येत नाही. १९०३ च्या एका निकालापासून असा करार मुळातच रद्द मानला जातो. तरी दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

राहिलं तासावर पैसे घेणारं गेमिंग पार्लर. तिथे डिस्क आधीच मशिनमध्ये असते आणि डबी ड्रॉवरमध्ये. मुलाला सोडायला जाल, तेव्हा ती डबी मागून बघा.