नव्या टायरची खाच किती खोल हवी?

मंडळी, टायरच्या दुकानात आपण तीन गोष्टी हमखास विचारतो. कंपनी कुठली, केवढ्याला बसेल आणि वॉरंटी किती. खाच किती मिलिमीटर खोल आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. दुकानदाराच्या भाषेत ती एनएसडी, म्हणजे नॉन-स्किड डेप्थ. टायरच्या बाजूवर साइज असतो, भाराचा आणि वेगाचा आकडा असतो, तयार झाल्याचा आठवडा-वर्ष असतं. ही खोली तिथे छापलेली नसते. म्हणून ती विचारायची आणि डेप्थ गेज लावून स्वतः मोजायची. गेज अगदी स्वस्तात मिळतं.

कारच्या नव्या टायरची खाच साधारण ६.५ ते ८.५ मिलिमीटर असते. आता समजा, एकाच साइजचे दोन टायर तुमच्यासमोर आहेत, एक ६.५ चा आणि एक ८ चा. दीड मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. पण टायर शून्यापर्यंत वापरायचा नसतो. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय, म्हणजे ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. झिजत झिजत नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही संपला. म्हणजे पहिल्या टायरमध्ये वापरायला मिळतात ४.९ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ६.४. फरक तीस टक्क्यांचा झाला. आणि माझ्यासारखं ३ मिलिमीटरलाच टायर बदलायचं ठरवलंत, तर ३.५ विरुद्ध ५, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. तेव्हा किमतीला पूर्ण खोलीने भागू नका, वापरता येणाऱ्या खोलीने भागा. पुष्कळदा चारशे रुपयांनी महाग दिसणारा टायर मिलिमीटरमागे स्वस्त निघतो. अर्थात दोन्हींचं रबर सारख्याच वेगाने झिजतं असं धरून हा हिशोब आहे. मऊ रबराचा ८ मिलिमीटरचा टायर कडक रबराच्या ७ च्या आधीही संपू शकतो, म्हणून तोच टायर वापरणाऱ्या दोघा-तिघांना किती किलोमीटर चालला ते विचाराच.

‘सोलापुरात पाऊस तो किती, खाचांचं एवढं कौतुक कशाला?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि मला तो धोकादायक वाटतो. आपल्याकडे पाऊस कमी, पण पडतो तेव्हा झोडपतो, आणि त्याचा जोर सप्टेंबरात. तोवर टायर अख्खा उन्हाळा तापलेल्या डांबरावर झिजलेले असतात. पुण्याच्या हायवेला मोहोळ, लांबोटीच्या पट्ट्यात एखादी जोरदार सर येते, रस्त्यावर पाणी साचतं आणि मागच्या ट्रकच्या भीतीने आपण वेग कमी करत नाही. तिथे काय घडतं ते आकड्यात बघा. टायर १८५ मिलिमीटर रुंद, पाणी ३ मिलिमीटर, वेग ताशी ८० किलोमीटर. प्रत्येक पुढच्या चाकाला सेकंदाला सुमारे बारा लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, बाजूला सारावी लागते. ते पाणी जाणार कुठून? खाचांतून. त्या उथळ झाल्या की पाणी टायरखालीच अडकतं, टायर उचलला जातो आणि स्टिअरिंग हलकं होतं. ब्रेक दाबलात तरी चाकाला धरायला रस्ता नसतो.

नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यासाठी एक सूत्र मांडलं. विमानांच्या टायरांवरून निघालेलं असल्यामुळे कारला ते ढोबळच लागू पडतं, पण डोळे उघडणारं आहे. खाचांत मावणार नाही इतकं पाणी असेल, तर टायर कुठल्या वेगाला तरंगेल हे हवेच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३ च्या. म्हणजे गोटा झालेला टायर आणि त्यात हवा कमी, ही जोडी सगळ्यात वाईट.

मग सगळ्यात खोल खाचेचाच टायर घ्यावा का? नाही. रबराचे ठोकळे उंच असले की ते जास्त वाकतात. त्यातून उष्णता तयार होते, इंधन थोडं जास्त जातं आणि कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी किंचित सैल वाटते. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा अक्कलकोट किंवा तुळजापूरला जाते आणि एरवी दारात उभी असते, त्यांचा टायर झिजण्याआधी म्हातारा होईल. आपल्या उन्हात रबर कडक होतं, बाजूला बारीक तडे जातात. त्यांनी जादा खोलीला पैसे न देता ताजी तारीख आणि ओल्या रस्त्यावरची पकड बघावी. रोज हैदराबाद किंवा विजयपूर रोडने येजा करणाऱ्यांनी मात्र मिलिमीटर मोजूनच घ्यावेत.

आत्ता एका काकांनी विचारलं, दोनच टायर घ्यायचे असतील तर पुढे लावू की मागे? मागे. गाडी पुढची चाकं ओढतात म्हणून नवे टायर पुढे, असा सल्ला सर्रास मिळतो, पण पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलून सावरता येते. मागची सुटली की गाडी गरकन फिरते.

आणि जुन्या टायरांच्या बाजारात गेलात तर एका गोष्टीवर माझा कडक आग्रह आहे. झिजलेल्या टायरला खाचा कोरून तो नव्यासारखा करून विकतात. कारचे टायर त्यासाठी बनवलेलेच नसतात. कोरताना आतल्या दोऱ्यांवरचं रबर पातळ होतं आणि टायर फुटू शकतो. ओळखायचं असेल तर बोटाने खाचेचा तळ चाचपा. टीडब्ल्यूआयचे उंचवटे कापलेले किंवा गायब असतील, तर गेजवर कितीही मिलिमीटर दिसोत, तो टायर घेऊ नका.