शेजारच्या दगडाला विचारा

[दृश्य: रामनगरचे उघडेबोडके डोंगर, सकाळचं ऊन]

बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेला लागलं की तासाभरात हे डोंगर दिसायला लागतात. सिनेमात पाहिलेही असतील. ब्रिटिश अमदानीत रामनगरला क्लोजपेट म्हणत, तेच नाव इथल्या ग्रॅनाइटला चिकटलं. दक्षिणोत्तर जवळपास 400 किलोमीटर लांबीची ही पट्टी. वय साधारण 250 कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर!

हा ग्रॅनाइट मुळात शिलारस, म्हणजे वितळलेला दगड; तो जमिनीखाली थिजला. पण किती खोल? ते ग्रॅनाइटच्या मधोमध उभं राहून कळत नाही. जिथे तो शेजारच्या जुन्या दगडाला भिडतो, तिथे जावं लागतं.

गुळाचा पाक थंड ताटात ओतला तर कडेला चटकन धरतो, ताट मात्र जसंच्या तसं राहतं. उथळ जागी असंच होतं. भोवतालचा खडक गार आणि कडक, त्यामुळे तो वाकत नाही, तडकतो. शिलारस त्या भेगांत घुसतो. हद्द सुरीने कापल्यासारखी सरळ. या पट्टीच्या उत्तर टोकाला, संडूरच्या बाजूला, ग्रॅनाइटचे छोटे, आटोपशीर गोळे आहेत आणि भोवतालचे खडकही फारसे भाजलेले नाहीत.

[दृश्य: कब्बालदुर्गजवळची खाण, कॅमेरा दगडाला जवळजवळ टेकलेला]

आता दक्षिणेचं टोक. हा राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा दगड म्हणजे नाइस, ग्रॅनाइटचा इथला जुना शेजारी. त्यातून गुलाबी ग्रॅनाइटची शीर चालली आहे. तिच्यावर बोट ठेवा आणि सरकवत न्या. इथे ग्रॅनाइट... इथेही ग्रॅनाइट... आणि इथे? शीर पट्ट्यांतच विरून गेली. हद्द कुठे संपली ते सांगताच येत नाही. पट्टेसुद्धा तुटलेले नाहीत. मळलेल्या कणकेसारखे वळले, दुमडले आहेत. म्हणजे शिलारस आला तेव्हा यजमान खडक स्वतःच मऊ, अर्धवट वितळलेला होता.

शेजारी हे हिरवट-काळे डाग. हा चार्नोकाइट. नाइसमधलं अभ्रक मोडून त्या जागी पायरॉक्सिन नावाचं खनिज तयार झालं. त्याला 700 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि वर काही किलोमीटर नव्हे, 20 किलोमीटरच्या घरातला दगडांचा भार. काही अभ्यासक 25 म्हणतात.

एकच पट्टी, मग एक टोक उथळ आणि दुसरं खोल कसं? कारण भूकवचाचा हा तुकडा कलला. दक्षिण बाजू जास्त उचलली गेली, तिथलं जास्त झिजून गेलं. कल जेमतेम दोन-तीन अंशांचा, उभ्या माणसाला जाणवणारसुद्धा नाही.

[दृश्य: धावत्या बसच्या खिडकीतून मागे पळणारे खडक]

पट्टीच्या उत्तर टोकाकडच्या होस्पेटहून रामनगरला येणारी ही बस दिवसभर पठारावरूनच धावते. खडकांच्या हिशेबात मात्र ती दहा-पंधरा किलोमीटर खाली उतरली आहे.