साखळी आणि जाळी

(दृश्य : आरू बेटांचा किनारा, पहाट. फक्त लाटांचा आवाज.)

जानेवारी 1857. न्यू गिनीच्या नैऋत्येला आरू नावाची बेटं आहेत आणि तिथं दोबो हे व्यापाऱ्यांचं ठाणं. गाव म्हणायचं तर समुद्रात शिरलेली वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर शाकारलेल्या घरांच्या तीन ओळी. पश्चिमेचा वारा धरून सेलेबिस बेटावरच्या मकासर बंदरातून गलबतं यायची, वारा फिरला की परतायची. मोत्यांचे शिंपले, कासवांच्या पाठी, वाळवलेल्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव), स्वर्गपक्ष्यांची कातडी असा सगळा माल.

त्या मोसमात एका गलबतातून एक उंच, चष्मेवाला इंग्रज उतरला. आल्फ्रेड रसेल वॉलेस. वय 34. पाठीशी ना विद्यापीठ, ना घरची इस्टेट. कीटक नि पक्षी गोळा करायचे, लंडनच्या दलालाकडे धाडायचे, तिथल्या हौशी श्रीमंतांनी ते विकत घ्यायचे आणि त्या पैशांवर याने पुढचं बेट गाठायचं.

दोबोला आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या जाळीत एक फुलपाखरू आलं. मखमली काळे आणि झळझळीत हिरवे पंख, या टोकापासून त्या टोकापर्यंत सात इंच. पोट सोनेरी, छाती किरमिजी. असं फुलपाखरू त्याने इंग्लंडमधल्या कपाटांत टाचलेलं पाहिलं होतं. पण काळोख्या रानात ते आपल्याच बोटांत फडफडताना पाहणं निराळं! त्या संध्याकाळी दोबोत निदान एक माणूस तरी तृप्त होता, असं त्याने लिहून ठेवलंय.

(दृश्य : टाचणीवरचा भुंगेरा, अगदी जवळून. शेजारी एक मुंगी.)

पकडलं म्हणजे संपलं नाही. पकडलेलं टिकवायचं हे खरं काम. लोम्बोक बेटावर त्याने सामानाच्या खोक्याखाली नारळाच्या चार करवंट्या पाणी भरून ठेवल्या होत्या. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतात, तेच. न्यू गिनीत तर मुंग्यांनी छपरातच वारूळ केलं. कागदावर चिकटवलेला कीटक क्षणभर नजरेआड झाला की त्या तो ओढून न्यायच्या.

आठ वर्षांत त्याने 1,25,660 नमुने जमवले. त्यांतले 83,200 नुसते भुंगेरे. 'त्याने जमवले' म्हणताना मी इथे थांबतो. यांतले कितीतरी पक्षी अलीने टिपले होते. अली हा बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा मलायी तरुण. बचान बेटावर तो एक नवाच स्वर्गपक्षी घेऊन आला आणि शास्त्रीय नावात नाव लागलं ते वॉलेसचं.

सारावाकमधलीच आणखी एक गोष्ट. सिमुनजोन इथे कोळशाची खाण उघडायची म्हणून रान तोडणं चाललं होतं. पडलेल्या ओंडक्यांचा, ताज्या सालींचा, भुशाचा वास सुटला की लाकूड पोखरणारे भुंगेरे धावून येतात. वॉलेस तिथेच मुक्कामाला राहिला. चिनी आणि दायाक (बोर्निओचे मूळ रहिवासी) मजुरांना त्याने दर सांगितला : आणाल त्या किड्याला एक सेंट. बोर्निओत त्याला भुंगेऱ्यांचे सुमारे 2,000 प्रकार मिळाले आणि त्यांतले शंभरेक सोडले तर सगळे या एका जागेचे, जेमतेम एक चौरस मैलातले. केवढं रान असेल ते! आणि ते पडत होतं म्हणूनच त्याच्या पेट्या भरत होत्या, हेही विसरता येत नाही.

(दृश्य : वेल्समधली उघडी माळरानं, दगडी बांध.)

हाच माणूस, सोळा वर्षं आधी. हातात जाळी नाही, मोजणीची साखळी. थोरल्या भावाच्या हाताखाली वॉलेस मोजणीदार होता. वेल्समध्ये लँड्रिंडॉड इथल्या गायरानाची मोजणी त्यांनी केली. गायरान म्हणजे गावाचं चरण. गरिबाची गाय, चार मेंढ्या तिथे चरायच्या. कायद्याने त्याची वाटणी व्हायची आणि ज्याची जमीन मोठी त्याला मोठा तुकडा. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याची गाय कुंपणाबाहेर. तेव्हा वॉलेसला त्यात काही वावगं दिसलं नाही. कायदा आहे, म्हणजे कारण असेलच. म्हातारपणी आत्मचरित्रात मात्र त्याने याला लूट म्हटलं.

दोबोकडे परत येऊ, कारण माझ्या मते कायद्यावरचा त्याचा तो विश्वास इथेच हलायला लागला. चिनी, सेलेबिसचे बुगी दर्यावर्दी, सेरामचे, जावाचे, आरूचे असे लोक एकत्र. कुणाचा लौकिक चोराचा, कुणाचा चाच्याचा. पोलीस नाही, कोर्ट नाही, वकील नाही. तरी कुणी कुणाचा गळा कापत नाही, रात्री झोप लागते. वॉलेसच्या मनात आलं की इंग्लंडात एकमेकांचे गळे कापू नयेत म्हणून दरवर्षी शंभर कायदे होतात, हजारो वकिलांची आयुष्यं ते कायदे समजावण्यात जातात. दोबोत कायदा कमी असेल, तर आपल्या घरी तो फार झालाय.

तो आरूमध्येच होता, तेव्हा मे महिन्यात इकडे मीरतला शिपाई उठले. सरकारचं ओझं इंग्लंडबाहेर कुणाच्या मानेवर आहे, हा प्रश्न त्याने दोबोबद्दल लिहिलेल्या त्या परिच्छेदात नाही. पुढे सेलेबिसला डच सरकार लोकांकडून सक्तीने कॉफी पिकवून घेत होतं, त्याची तर त्याने भलामणच केली. तिथे मला तो मुळीच पटत नाही.

(दृश्य : वानुंबाईची वाट, पाऊस.)

आरूच्या आतल्या भागात, वानुंबाईला, किड्यांनी डाव साधला. चावे चिघळून पायांना जखमा झाल्या. बाहेर फुलपाखरं उडताहेत आणि हा आठवडेच्या आठवडे घरात पडून. इतकी वर्षं छळलं, त्याचा सूड घेताहेत, असं त्याला वाटलं. गावकरी येऊन बसायचे. एका म्हाताऱ्याने त्याला देशाचं नाव विचारलं. नाव ऐकून त्याचा विश्वासच बसेना. असलं कुठे नाव असतं! हा खरं नाव लपवतोय. मग त्याने स्वतःच उलगडा केला : हे पक्षी, हे किडे तू जपून नेतोस, ते तुझ्या देशी पुन्हा जिवंत होत असणार. वॉलेसने परोपरीने नाही म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याला पटलं नाही.

1862 मध्ये तो घरी परतला. 1869 मध्ये प्रवासवर्णन आलं. वाचक स्वर्गपक्ष्यांसाठी पुस्तक उघडणार, आणि शेवटच्या पानांवर त्याने इंग्लंडलाच उभं केलं. एवढी संपत्ती, एवढं विज्ञान, आणि तुमच्या शहरांतली गर्दीच्या गर्दी बेटांवरच्या माणसांपेक्षा वाईट जगते. तुम्ही अजून सामाजिक रानटीपणातच आहात.

ती पानं इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने वाचली आणि जमीनधारणा सुधारण्यासाठी काढलेल्या आपल्या संघटनेत वॉलेसला बोलावून घेतलं. 1881 मध्ये जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्ष वॉलेस. जमीन सगळ्यांची असावी, कसणाऱ्याने ती भाड्याने घ्यावी, असं तो सभांमधून सांगत राहिला. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे खटकलं. भुंगेऱ्यांच्या माणसाने यात कशाला पडावं? मला ते दोन्ही एकच काम वाटतं. कोणता भुंगेरा नदीच्या कोणत्या काठाचा, हे ज्याने जन्मभर टिपलं, त्याला एका गावची गाय कोणत्या कुंपणापाशी अडली, हेही दिसणारच.

(दृश्य : संग्रहालयातला खण. भुंगेऱ्याखाली गोल चिठ्ठी, वॉलेसच्या अक्षरात बेटाचं नाव.)

1913 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्याची दोन पुस्तकं आली. एक समाजाच्या नैतिक प्रगतीबद्दल, दुसरं कामगारांच्या उठावाबद्दल. 7 नोव्हेंबरला तो गेला.