किती लिकेज चालेल?

आत्ता चहाच्या वेळी एकाने विचारलं, "सर, आमच्या बिल्डिंगचं लिकेज दीडशे मिलिअँपिअर आहे. चालेल का?" मी त्याला म्हटलं, लिकेज म्हणजे अर्थकडे गळणारा करंट, तो कुठे मोजलास ते आधी सांग.

आपण सगळे वायरमनच्या परीक्षेला एक नियम पाठ करून गेलो होतो. लिकेज पूर्ण लोडच्या करंटच्या 5000 व्या भागापेक्षा जास्त नको. म्हणजे 800 अँपिअरच्या इमारतीला 160 मिलिअँपिअर. हा हिशोब बल्ब, पंखे आणि मोटर यांच्या काळात ठीक होता. तेव्हा लिकेज म्हणजे ओलं किंवा कुजलेलं इन्सुलेशन. आज ते कारखान्यातूनच बसून येतं. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये फिल्टरचा कपॅसिटर असतो. 4.7 नॅनोफॅरडचा असेल तर 230 व्होल्टला त्यातून एक तृतीयांश मिलिअँपिअर जातो. असे दोन-चार आणि वर केबलचा स्वतःचा कपॅसिटन्स. एका मशीनला ढोबळ एक मिलिअँपिअर धरा. मेगर, म्हणजे आपलं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, इथे काही सांगणार नाही, कारण तो डीसी लावतो. डीसीला कपॅसिटर म्हणजे बंद दार.

आता गंमत बघा. ही मशीनं तीन फेजवर सारखी वाटली, तर 50 हर्ट्झचं लिकेज मेन पॅनेलपाशी एकमेकाला खाऊन टाकतं. उरतो तो मुख्यतः तिसरा हार्मोनिक, म्हणजे 150 हर्ट्झचा भाग. तो खात नाही, उलट साचतो. म्हणून मेनवरचा आकडा छोटा दिसला तरी खाली एखाद्या सर्किटच्या हिरव्या, म्हणजे अर्थच्या, वायरमधून वीस मिलिअँपिअर वाहत असू शकतात. ती हिरवी वायर तुटली, की पुढच्या सगळ्या मशीनच्या बॉडीवर ते वीस मिलिअँपिअर हात लागायची वाट बघत बसतात. दहाच्या आसपासच माणसाला पकड सोडवत नाही. म्हणूनच 10 मिलिअँपिअरच्या वर गेलात, तर आंतरराष्ट्रीय मानकं साध्या अर्थ वायरवर समाधान मानत नाहीत. तिथे 10 चौरस मिलिमीटर तांबं टाका, नाहीतर दोन स्वतंत्र वायरी ओढा.

आरसीसीबीचं, म्हणजे लिकेज वाढलं की पडून सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, थोडक्यात सांगतो. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी पंधरापासून तीसपर्यंत कधीही पडू शकते, आणि ते तिच्या मानकात बसतं. त्यामुळे रोजचं लिकेज तिच्या 30 टक्क्यांत, म्हणजे नऊच्या आत ठेवा. एका आरसीसीबीवर आठ कॉम्प्युटर झाले, की दुसरी लावा. "सारखी पडते" म्हणून शंभरची बसवणाऱ्याला मी पैसे परत मागतो. वरच्या बाजूला 300 ची, उशिरा पडणारी चालते, पण ती आगीसाठी. 300 मिलिअँपिअर गुणिले 230 म्हणजे 69 वॉट. एवढा तर आपला सोल्डरिंग आयर्न असतो, आणि तो लाकडाला काय करतो ते तुम्ही पाहिलंय.

एका ऑफिसात मला बोलावलं होतं. तिथला इंजिनिअर म्हणे, लिकेज नऊ अँपिअर आहे, कॉम्प्युटर फार आहेत ना! नऊ अँपिअरला नऊ हजार कॉम्प्युटर लागतील, आणि माणसं होती दोनशे. दुसऱ्या मजल्याच्या साडेतीन कोअर (तीन फेजच्या, एक बारीक न्यूट्रलची) केबलच्या टोकाला, जिथे कोअर सुटे होतात, तिथे आर्मर, म्हणजे केबलचं धातूचं कवच, बाहेर ठेवून चारही कोअरना मिळून लिकेज क्लॅम्प, म्हणजे वायरींभोवती अडकवायचं मीटर, लावला. 8.7 अँपिअर. उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी खटकन 60 मिलिअँपिअर. थोड्या वेळाने परत 8.7.

फिल्टरचं लिकेज असं उड्या मारत नाही. जोपर्यंत प्लगला व्होल्टेज आहे तोपर्यंत ते जवळजवळ तेवढंच राहतं, मशीन राबो की झोपो. जे लोडबरोबर चढतं-उतरतं, ते बहुतेक वेळा अर्थमध्ये शिरलेलं न्यूट्रल असतं. आणि 8.7 म्हणजे 230 व्होल्टवर दोन किलोवॅट. मी विचारलं, पॅन्ट्रीत गीझर आहे का?

पॅन्ट्रीची डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, उघडली. न्यूट्रल वायरी कसायची पट्टी, म्हणजे न्यूट्रल बार, गच्च भरलेला, आणि शेजारच्या अर्थ बारवर हिरव्या वायरींच्या रांगेत एकच काळी, म्हणजे न्यूट्रलची, वायर, स्क्रू चांगला कसलेला. त्या सर्किटला आरसीसीबी नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. नवा न्यूट्रल बार बसवला, काळी वायर तिकडे नेली, आणि गीझर पुन्हा चालू करून क्लॅम्प बघितला. साठच.