खांबावरचा माणूस आणि अंगणातला जनरेटर

(दृश्य: श्रीवर्धन तालुक्यातली नारळी-पोफळीची वाडी. पाऊस नुकताच थांबलाय. पन्हळीतून पाणी पडतंय.)

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. नारळ मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या, आणि विजेचे खांब तारांसह आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली. कित्येक गावांत लाइट परत यायला आठवडे लागले.

विहिरीत पाणी होतं, पण पंप चालत नव्हता. मोबाइलची बॅटरी संपली होती, मुंबईतल्या मुलांना खुशाली कळवायची सोय नव्हती. मग जनरेटर आले. कुणी टेम्पोत घालून आणला, कुणी मंडपवाल्याकडून भाड्याने घेतला. आणि जो तो मिळेल तशी वायर लावून तो घराला जोडू लागला.

(दृश्य: टेबलावर एक वायर. दोन्ही टोकांना पिना.)

ही वायर नीट बघा. एक टोक जनरेटरमध्ये खोचायचं, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. घरभर उजेड होतो. पण एक टोक जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या असतात आणि त्यांत पूर्ण 230 व्होल्ट असतात. लहान मुलाचा हात लागायला कितीसा वेळ लागतो?

याहून मोठा धोका मात्र घराबाहेर आहे. मेनस्विच पाडायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, सर्व्हिस वायरने, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या तारेने, खांबावर जाते आणि तिथून डीपीपर्यंत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी 11 हजार व्होल्टचा दाब उतरवून घरापुरता करतो. मागच्या बाजूने वीज आली की तो तेच काम उलटं करतो, दाब चढवतो. अंगणातल्या लहानशा यंत्राची वीज वरच्या तारेत हजारो व्होल्ट होऊन उभी राहू शकते. वायरमन मंडळी याला ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात.

यावर गावात एक उत्तर हमखास मिळतं: “अख्ख्या गावाचा लोड ओढायला लागला तर जनरेटर आपोआप बंद पडेल की!” एरवी बऱ्याचदा पडेलही. पण वादळात तार तुटलेली असते. गावाचा लोड त्या तुटक्या तारेच्या पलीकडे राहतो. अलीकडे उरतं तुमचं घर, दोनचार खांब, आणि त्यातल्या एका खांबावर चढलेला माणूस.

(दृश्य: खांबावर चढणारा वायरमन. चेहरा दिसत नाही, फक्त हातमोजे आणि कमरेचा पट्टा.)

महावितरण त्यांना जनमित्र म्हणतं, आपण वायरमन म्हणतो. त्यांनी रीतसर परमिट घेतलेलं असतं, सप्लाय तोडलेला असतो. तार तपासायची, ती जमिनीला जोडायची आणि मगच हात लावायचा, हे त्यांना शिकवलेलं असतं. पण दिवसरात्र पावसात राबणाऱ्या माणसाचा जीव एवढ्या एकाच खबरदारीवर टांगून ठेवायचा का? त्यांनी तोडलेला सप्लाय आपण मागच्या दाराने पुन्हा सुरू करत असतो, आणि त्यांना ते कळायला मार्ग नसतो.

म्हणून जनरेटर घराला जोडायचं काम घरच्या हुशार पोराचं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियमही तेच सांगतात: बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर विजेचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. परवाना दाखवा म्हणायला संकोचू नका. चांगला ठेकेदार तो आपणहून दाखवतो.

(दृश्य: एक घर. ठेकेदार मीटरसमोर उभा. शेजारी घरातले काका.)

या घराने आता 5 केव्हीएचा डिझेल जनरेटर घ्यायचं ठरवलंय. ठेकेदार आल्याआल्या यंत्राबद्दल काहीच बोलत नाही.

“काका, लाइट गेल्यावर काय काय चालू हवंय?”

“पंप, फ्रिज, दिवे, पंखे. आणि हिचं वाफेचं मशीन.”

तो वहीत मांडतो. 5 केव्हीए म्हणजे साधारण 4 किलोवॉट. वाडीतला पंप 1 हॉर्सपॉवरचा, म्हणजे कागदावर 746 वॉट. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. म्हणून आधी एकटा पंप चालू करायचा, तो धरला की मग फ्रिज, मग बाकीचं. हा क्रम तो मोठ्या अक्षरांत लिहून मीटरशेजारी चिकटवतो. पंप थ्री फेजचा असता, तर फेजचा क्रमही तपासावा लागला असता, नाहीतर मोटर उलटी फिरते.

मग येतो चेंजओव्हर. या सगळ्या कामाचा जीव या एका पेटीत आहे. दांडा एका बाजूला केला की घर महावितरणवर, मधे केला की बंद, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरवर. दोन्ही एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत, आतली रचनाच तशी असते. मेनस्विच पाडायला कुणी विसरलं, रात्र आहे, घाई आहे, तरी खांबावर वीज जात नाही. इथे फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (वीज परत नेणारी तार) तोडणारा, दोन पोलचा चेंजओव्हर लागतो. थ्री फेजला चार पोलचा. स्वस्तात फक्त फेज फिरवून देणारा कुणी भेटला, तर त्याला परत पाठवा.

अर्थिंगला, म्हणजे वीज जमिनीत उतरवायच्या जोडणीला, या मंडळींचा अर्धा दिवस गेला. कोकणात जांभा दगड. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. नुसता रॉड ठोकून भागत नाही, खड्डा भरून झाल्यावर मीटर लावून मोजावं लागतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. पुष्कळ लहान जनरेटरांत न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच नसतो. अशा वेळी घरातला आरसीसीबी, जो शॉक बसताच सप्लाय तोडायचा, तो पडतच नाही. दिसायला सगळं जागेवर असतं. ठेकेदाराने हे तपासलं का, ते त्याच्याकडून ऐकून घ्या.

(दृश्य: पडवी. पत्र्यावर पाऊस.)

“पडवीत ठेवूया की, भिजणार नाही,” काका म्हणतात. अगदी स्वाभाविक विचार. आणि याच विचाराने माणसं दगावतात.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. दिवसभराच्या दमणुकीचीच लक्षणं वाटतात. झोपलेल्याला जागच येत नाही. पडवी म्हणजे घरच आहे. एखादी खिडकी उघडी ठेवून हा वायू निघून जात नाही. यंत्र बाहेर, घरापासून किमान 20 फूट, धुराचं तोंड दारंखिडक्यांच्या उलट दिशेला. हाच नियम ओढून न्यायच्या पेट्रोल जनरेटरलाही. आणि इंधन भरायचं ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावर.

ठेकेदार वाडीच्या कडेला, उंचवट्यावर चौथरा बांधायला सांगतो. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीपासूनही लांब.

कागदपत्रांचं थोडक्यात: जनरेटर बसवल्याचं महावितरणच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. ठरावीक क्षमतेच्या वरच्या संचाला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. आपला त्यात मोडतो का, हे ठेकेदार सांगतो.

(दृश्य: संध्याकाळ. चाचणी.)

काम संपलंय, पण ठेकेदार पैसे मागत नाही. तो चेंजओव्हरचा दांडा जनरेटरच्या बाजूला टाकतो. यंत्र सुरू होतं. आधी पंप, मग फ्रिज, मग दिवे. घर उजळतं.

आता तो महावितरणच्या बाजूचा मेनस्विच पाडतो, आणि त्याच्या घराकडच्या टोकांना, म्हणजे रिटर्न सप्लाय आलाच तर जिथे पहिल्यांदा पोचेल तिथे, टेस्ट लॅम्प लावतो. काकांना जवळ बोलावतो. मागे घर झगझगीत आहे, जनरेटर धडधडतोय.

लॅम्प विझलेलाच आहे.

“हे बघायला थांबलो होतो,” तो म्हणतो, आणि वायर गुंडाळू लागतो.