न बोलावता टेस्ट चालते कशी? जावामधलं रिफ्लेक्शन

नमस्कार! तुम्ही टेस्ट क्लास लिहिता, एका मेथडच्या डोक्यावर '@टेस्ट' हे ॲनोटेशन, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावता आणि रन दाबता. ती मेथड तुम्ही कुठेही कॉल केलेली नाही. टेस्ट चालवणारी लायब्ररी म्हणजे जेयुनिट. ती लिहिणाऱ्यांना तर तुमच्या क्लासचं नावही ठाऊक नव्हतं. मग ती चालली कशी?

रिफ्लेक्शनमुळे. प्रोग्राम चालू असतानाच क्लासला विचारायचं: बाबा रे, तुझ्यात कोणत्या मेथड्स आहेत, कोणती फील्ड्स आहेत? जावात ही सोय 1997 सालच्या जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) 1.1 पासून आहे. क्लास लोड झाला की जेव्हीएमकडे, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेकडे, त्याची माहिती सांगणारा एक ऑब्जेक्ट असतो. त्याचा टाइपच 'क्लास'. सगळी चौकशी त्याच्याकडे करायची.

चला, स्वतःचा छोटा टेस्ट रनर लिहूया.

(स्क्रीनवर कोड)

'क्लास.फॉरनेम'ला पॅकेजसकट पूर्ण नाव द्या. आता मेथड्स मागायच्या, आणि इथे जरा थांबा, कारण दोन दारं आहेत. 'गेटमेथड्स' फक्त पब्लिक मेथड्स देतं, पण पेरेंट क्लासकडून आलेल्याही देतं. म्हणून तर यादीत 'हॅशकोड' आणि 'टूस्ट्रिंग' दिसतात. 'गेटडिक्लेअर्डमेथड्स' त्याच क्लासमधल्या सगळ्या देतं, अगदी प्रायव्हेटसुद्धा, पण पेरेंटच्या नाही. आणि दोन्हीकडे क्रमाची हमी नाही, तेव्हा टेस्ट एकमेकींवर अवलंबून ठेवू नका.

पुढे प्रत्येक मेथडवर आपलं ॲनोटेशन आहे का ते बघायचं, आणि असेल तर 'इन्व्होक', म्हणजे ती मेथड चालवायची. मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकही टेस्ट सापडेना. अख्खी संध्याकाळ गेली. ॲनोटेशन तर डोळ्यांसमोर होतं! गोम होती रिटेन्शनमध्ये, म्हणजे ॲनोटेशन कुठपर्यंत टिकतं त्यात. आपण काही सांगितलं नाही, तर ॲनोटेशन क्लास फाइलपर्यंत पोचतं, पण रनटाइमला रिफ्लेक्शनच्या हाती लागत नाही. ॲनोटेशनच्या व्याख्येवर रिटेन्शन 'रनटाइम' असं स्पष्ट लिहावं लागतं.

'सेटॲक्सेसिबल' वापरून प्रायव्हेट मेथडही चालवता येते, पण मला ते पटत नाही. ज्या क्लासने दार लावलंय, त्याची पब्लिक बाजू तपासा. शिवाय जावा 16 पासून जेडीकेच्या स्वतःच्या क्लासेसची आतली दारं अशी सहजासहजी उघडत नाहीत.

आता मुद्दाम एक टेस्ट फेल करा. 'इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शन' दिसेल. ते नुसतं पाकीट आहे. 'गेटकॉज' बोलवा, खरी चूक त्याच्या आत आहे.