हळदीच्या आदल्या दिवशी

(दृश्य: गंजगोलाई, लातूर. लगीनसराईतली दुपार. बांगड्यांची, साड्यांची दुकानं, गर्दी.)

बिब्बा उतला म्हणजे काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात बघितले की कळतं. पण त्यातही गंमत अशी, की एकीला तेल लागलं तरी काही होत नाही, आणि दुसरीला थेंबभर लागलं तर एक-दोन दिवसांत फोड येतात. बिब्बा तोच, कातडी वेगळी. जुन्या बाया म्हणूनच नवख्या पोरीला बिब्ब्याला हात लावू देताना दहादा विचार करतात.

हीच सावधगिरी पार्लरच्या पायऱ्या चढल्यावर कुठं जाते, कोण जाणे.

(दृश्य: पार्लर. खुर्चीवर नवरी, शेजारी आई, हातात पिशव्या.)

"ताई, उद्या हळद हाय. आज लॅशेस लावून टाका, संध्याकाळी गावाकडं निघायचंय."

"पॅच टेस्ट केली का?"

"ती काय असती? लावा की माय. पोरीला कशाचीच अ‍ॅलर्जी नाय."

कशाचीच नाही, हे आईला कसं कळलं? लॅशेस म्हणजे नकली पापण्या, आणि त्या चिकटवायचा ग्लू पोरीच्या पापणीला आजवर लागलेलाच नाही.

(दृश्य: ग्लूची छोटी बाटली, चिमट्याच्या टोकावर एक पापणी.)

या बाटलीत असतं सायनोअ‍ॅक्रिलेट. चपला आणि खेळणी सांधायला आपण जो झटपट चिकटणारा गोंद आणतो, त्याच्याच घराण्यातलं. १९४२ साली अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेलं रसायन दिसेल त्याला चिकटायला लागलं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवून दिलं. गोंद म्हणून ते बाजारात आलं १९५८ मध्ये. पापण्यांसाठीचा ग्लू वेगळा तयार करतात, त्यामुळं घरातल्या गोंदाची नळी डोळ्याजवळ नेण्याचा विचारसुद्धा करू नये.

हा ग्लू घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी, की ग्लू रेंगाळतो, आणि तो घट्ट होईपर्यंत त्याच्या वाफा निघत राहतात. पाण्याचा कूलर चालू असला की खोलीत ओल वाढते आणि ग्लू लवकर धरतो. म्हणून जाणत्या पार्लरमध्ये भिंतीवर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र दिसतं. गिऱ्हाइकाला वाटतं, घड्याळच आहे.

त्या वाफांनी डोळे चुरचुरतात, लाल होतात, पाणी येतं. बसल्या जागी किंवा काही तासांत होणारा हा त्रास बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत निवतो. याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. अ‍ॅलर्जीची चाल वेगळी आणि संथ. शरीराच्या संरक्षक पेशी आधी त्या रसायनाची ओळख करून घेतात. पहिल्या खेपेला बहुधा काहीच कळत नाही. ओळख पक्की झाली, की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी दोन्ही पापण्या सुजतात, खाज सुटते, कातडी खरबरीत होते. आणि बहुधा दर खेपेला आधीपेक्षा जास्त. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. सूज तिथं लपत नाही.

आता हिशेब मांडा. लॅशेस आज लावल्या. सूज यायची असेल तर ती उद्या हळदीला नाहीतर परवा अक्षता पडताना येणार.

(दृश्य: ताई नवरीच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर दोन-तीन पापण्या चिकटवते.)

पॅच टेस्ट म्हणजे एवढंच. डोळ्याच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन पापण्या लावायच्या आणि ४८ तास थांबायचं. ग्लू तोच हवा, जो त्या दिवशी वापरणार. डोळ्याखाली लावायची जेलची पट्टी आणि टेपसुद्धा तीच, कारण कधीकधी दोष ग्लूचा नसतो, पट्टीचा असतो. काही ठिकाणी कानामागं ग्लूचा ठिपका देतात. काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण कानामागची कातडी पापणीसारखी नसते, आणि डोळ्याला लागणाऱ्या वाफांचा अंदाज तिथून येत नाही. मला कोपऱ्यावरची टेस्टच पटते.

आणि ती निर्दोष आली म्हणजे जन्मभराचा दाखला मिळाला, असंही नाही. हा ग्लू कातडीला लागताच घट्ट होतो, त्यामुळं असलेली अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये कधी कधी निसटते. ज्यांना दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे गळालेल्या लॅशेसच्या जागी नव्या लावून घ्यायची सवय आहे, त्यांना पाच-सहा खेपांनंतरही ती उद्भवू शकते. "मागच्या टायमाला काय झालं नव्हतं" याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. 'सेन्सिटिव्ह' लिहिलेल्या बाटलीचंही तसंच. तिच्यात वाफा कमी असतात, पण सायनोअ‍ॅक्रिलेट असतंच.

(दृश्य: गाजरगवतानं भरलेला शेताचा बांध. मग दवाखान्यात पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या.)

डॉक्टरांकडची पॅच टेस्ट याहून मोठी. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी ती जगापुढं मांडली. पाठीवर निरनिराळी रसायनं पट्टीखाली ठेवायची, ४८ तासांनी पट्टी काढून बघायचं, आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा बघायचं. आपल्याकडच्या पट्ट्यांमध्ये गाजरगवतही असतं, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. बांधावर निंदायला गेलेल्या माणसाचा चेहरा आणि पापण्या सुजतात, तीसुद्धा याच जातीची अ‍ॅलर्जी. केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडीही त्या पट्ट्यांत असतं. पीपीडी असलेल्या रंगाच्या पाकिटावर कायद्यानं छापावं लागतं, की आधी चाचणी घ्या, आणि हा रंग पापण्यांना, भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. पाकीट फाडताना नेमकी ती ओळ फाटते.

केसांच्या रंगानं किंवा काळ्या मेहंदीनं पूर्वी अंग उठलं असेल, डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, पापण्यांना इसब असेल, तर हे आधी ताईला सांगावं.

(दृश्य: ताई मास्क लावून, मान वाकवून काम करतेय.)

या सगळ्यात एक बाई कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे लावणारी. नवरी एकदा येते आणि जाते. ताई रोज तासन्‌तास त्याच वाफांवर ओणवी असते. या रसायनाच्या वाफांनी कामगारांना दमा जडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. कापडी मास्क वाफ अडवत नाही. खिडकी उघडी हवी, पंखा वाफ तोंडापासून दूर नेणारा हवा.

(दृश्य: कॅलेंडर. रविवारवर खूण.)

ब्लाऊज फिटिंगला आठ दिवस आधी टाकतोच ना आपण? लग्न रविवारी आणि हळद शनिवारी असेल, तर टेस्ट मंगळवारी करावी. गुरुवारपर्यंत कळतं, शुक्रवारी लॅशेस लावता येतात. गाव लांब असेल, तर बस्ता बांधायला शहरात याल त्या फेरीतच टेस्ट उरकावी. फक्त ताई तीच बाटली वापरणार ना, हे विचारून ठेवावं. टेस्टला खाज किंवा सूज आली, तर या ग्लूच्या लॅशेस नकोत. मस्कारा आहेच.

आणि लावल्यावर सूज आलीच, तर ओढून काढू नका, स्वतःच्या पापण्या मुळासकट येतात. ताईकडून रिमूव्हरनं काढून घ्या, थंड पाण्याची घडी ठेवा. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नका. देखरेखीशिवाय वापरले तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. डोळा दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. अंबाजोगाई, लातूर, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जाताना ग्लूच्या बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील: काय लावलं होतं?